बद्द

लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेमस्टर.
अर्धी अक्षरं गिळणाऱ्या या गावात
तेवीस वर्षं मी लोकांना ‘आ करा’ म्हणतेय.
शुक्रवारी दवाखाना अर्धाच दिवस.
दोन वाजता हात धुते
आणि ॲल्विन प्यूचं दुकान गाठते.

मेणाचा वास, ओल्या लोकरीचा, त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीचा.
“नवे पेशंट आलेत,” एवढंच म्हणतो
आणि काचेच्या कपाटाची किल्ली हातावर ठेवतो.

वाडगा डाव्या हाताच्या पाच बोटांवर तोलायचा,
उजव्या नखाने काठाला टिचकी.
धड असेल तर नाद लांबतो,
खोलीभर फिरून परत येतो.
कराडच्या बाजारात आई माठ असाच वाजवायची,
पेराने, कान तिरका करून.
कुंभार म्हणायचा, पक्का भाजलाय ताई.
ती म्हणायची, बद्द वाजतोय,
आणि पुढे चालू लागायची.

प्यूने तो शब्द हिशेबाच्या वहीत लिहून घेतलाय.
वेल्श वळणाने वाचतो, ‘द्द’चा ‘ध’ होतो, हवा निसटते.
जीभ दातांना टेकवा, मी सांगते.
तेवढं तरी मला शिकवता येतं.

पहिली खरेदी जपानी त्सुबा होती.
तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधली लोखंडी चकती,
तिच्यावर एक बगळा, डोळा मोहरीएवढ्या सोन्याचा.
मधल्या फटीत तांब्याचे दोन तुकडे ठोकून बसवलेले,
दुसरं पातं आलं तेव्हा हलू नये म्हणून.
फिलिंग, मी म्हटलं.
घरी आणली तर प्रभंजनने विचारलं, “आणि तलवार?”
तेव्हा तो अजून या घरात राहत होता.

आज एक चिनी वाडगा.
निळे मासे, एकाची शेपटी काठाबाहेर गेलेली,
जणू चितारणाऱ्याला जेवायला हाक आली.
बुडाशी सहा अक्षरं, दोन ओळींत, बादशहाच्या नावाची.
“बादशहा दीडशे वर्षं आधीचा,” प्यू म्हणाला.
म्हणजे खोटं?
“नाही हो. जुन्यांना नमस्कार.
आपलं काम त्यांच्या नावावर ठेवायचे.”
माझ्या दारावरच्या पितळी पाटीवर अजून चिटणीस आहे.
तो नमस्कार नव्हे. आळस आहे,
शिवाय पेशंटना तेवढंच उच्चारता येतं.

मग त्याने वाडगा पालथा केला, जरा शरमून.
पाठीवर एक तडा, आणि तड्यावर चार पितळी टाके.
“म्हणून साठ पौंड. नाहीतर तुम्हाला परवडला नसता.”
शंभरेक वर्षांपूर्वी कुणी फिरता कारागीर
किंग्टनच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात बसला असेल,
धनुकलीने गिरमिट फिरवत, टोकाला हिऱ्याची कणी.
आठ भोकं. एकही आरपार नाही.
आतल्या बाजूला मासे बिनघोर.

ते थांबणं मला ठाऊक आहे.
नस अर्ध्या मिलिमीटरवर असते,
पेशंटने डोळे मिटलेले असतात,
आणि हाताला आपोआप कळावं लागतं, आता पुरे.

टिचकी मारली.
बद्द.
प्यूनेही ऐकलं. तोंडातल्या तोंडात म्हणाला,
पहिल्यांदाच नीट, जीभ दातांना टेकवून.
मी पुढे चालू लागले नाही.

रात्री ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं,
वाडगा ठेवला, काठोकाठ पाणी ओतलं.
पाण्याखाली मासे थोडे मोठे दिसले.
दिवा घालवला. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा घालवला.

सकाळी कागद कोरडा.
फक्त हेरफर्डच्या फुटबॉल सामन्यावर, गोल कुणी केला त्या ओळीत,
मसुरीएवढा ओला डाग.
वाडग्याचा, की ओतताना माझ्याच हातून सांडलेलं,
कळायला मार्ग नाही.
पाणी तसंच ठेवलंय.
आज शनिवार, मला कुठे जायचं नाही.