बसलेल्यांच्या उंचीवर

तलाठ्यानं बजावलं होतं, पुरावा पाहिजे, कला नको.
प्रत्येक समाधीचा एक फोटो,
पाटीवर नंबर, बाजूला फूटपट्टी.
देवणी रोड रुंद होणार,
रुद्रभूमीतले पंधरा मीटर जाणार,
आणि फाइलला फोटो लागतात.

पाटी आणली पलीकडच्या शाळेतून,
दुसरीतल्या एका पोरीची.
तिनं विचारलं, फुटंल का?
म्हटलं, नाही.

आत वेड्या बाभळीनं वाट खाल्लेली.
तरवड, गाजरगवत, क्वार्टरच्या बाटल्या,
चुन्याचा एक नंदी, शिंगं गेलेला,
तरी मान ताठ.
नावं बोटानंच वाचावी लागत होती.
बोटाला ‘गुरब’ एवढं लागलं,
पुढं नुसतं दगडफूल.

मी उभ्यानंच काढत होतो.
एक, दोन, सात, अकरा.
शिवलिंगय्या स्वामी कोयत्यानं काटे तोडत पुढं चालले होते,
ते थांबले.
“वरून काय काढायलास बाबा?
झोपलेलं कुणीच नाही इथं.
सगळे बसलेत. मांडी घालून, हातात लिंग धरून.”

आमच्यात आडवं निजवतात, कुशीवर, तोंड पश्चिमेला.
अब्बांना मीच उतरवलं होतं.
मेलेला माणूस म्हणजे आडवा,
एवढंच डोक्यात.

खरं तर मला माहीत असायला पाहिजे होतं.
अब्बांचा नूर फोटो स्टुडिओ.
कुणी गेलं की अर्ध्या रात्री कडी वाजायची.
भिंतीला टेकवून बसवलेलं,
कपाळभर विभूती, गळ्यात हार,
हनुवटीखालून बांधलेलं फडकं.
जन्मभरात एक फोटो काढलेला नसायचा.
अब्बा म्हणायचे, हे एकच गिऱ्हाईक हलत नाही.
मग दुकानात, भिंगाखाली,
पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढत
ते प्रिंटवर डोळे उघडायचे.
दोन काळे ठिपके, आत पांढरा कण,
आणि माणूस बघायला लागायचा.
त्याचे दोन रुपये जास्त.
लहानपणी मला वाटायचं,
उदगीरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे सारखेच.
फार उशिरा कळलं, ते अब्बांचे होते.

ट्रायपॉडचे पाय आत सरकवले. गुडघे टेकले.
काटा गेला तो तिथंच.
बसलेल्यांच्या उंचीवरून
रस्ता दिसत नाही,
फक्त टिपरचा आवाज येतो, आणि गवत
माणसाएवढं होतं.
भिंगात दगड आला, आणि तोंडातून निघून गेलं,
तीस वर्षांच्या सवयीनं,
“हनुवटी जरा वर.”
स्वामी हसले नाहीत.
कोयता खाली ठेवून त्यांनी
दगडावरची फांदी बाजूला धरली,
नवरीच्या तोंडावरची मुंडावळ धरतात तशी.

त्रेसष्टनंतर नुसता एक उंचवटा.
दगड नाही, चुना नाही,
शेजारी तोडलेल्या बेलाचं खोड.
तलाठी फोनवर म्हणाला, बिनदगडाचं धरू नका.
“तेल्याची महादम्मा आहे ती,” स्वामी म्हणाले,
“तुझ्या बापानंच काढला होता फोटो.
लेकानं घर विकलं, घेणाऱ्यानं भिंत पाडली,
फोटो भिंतीवरच होता.”

पाटी बाजूला ठेवली. फूटपट्टीही.
समोर मांडी घालून बसलो,
ऊन तिरपं होईपर्यंत.
एकच काढला.

पाटी परत केली तेव्हा ६३ पुसायचं राहिलं होतं.
पोरीनं आधी चारही कोपरे तपासले,
मग थुंकी लावून फ्रॉकनं पुसून टाकलं.

फाइलीत त्रेसष्ट आहेत, वीस रुपयानं एक,
बिल अजून पास व्हायचंय.
चौसष्टावा दुकानात, अब्बांच्या भिंगाखाली.
उंचवटा, गवत, थोडी सावली.
पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.
कुठं टेकवायची
ते कळत नाही.