सरासरीचा पूर्वज

किगोमाच्या काठाला पहाटे होड्या लागतात, दिवे विझवत.
डगाची चंदेरी रास वाळूवर सांडते
आणि मौलिदी माझ्यासाठी बाजूला ठेवलेलं फडकं सोडतो :
खडकांतले, जाळ्यात चुकून आलेले,
बाजारात कुणी भाव न विचारणारे मासे.

मी जबडे मोजते.
हा शेवाळ खरवडणारा. हा गोगलगाई फोडणारा.
हा दुसऱ्यांचे खवले ओरबाडून जगणारा,
तोंड उजवीकडे वळलेलं,
त्यामुळे जगाची डावी कूसच तेवढी ठाऊक.

एकेचाळीस जाती, एकेचाळीस ठिपके,
आणि त्यांतून सरळ उतरत गेलेली रेघ :
खाणं जितकं कठीण, तितका जबडा आखूड.
इतकी देखणी रेघ, की मी चहा मागवला.

मग वंशवृक्ष उघडला.

साक्षीदार एकेचाळीस, जबानी एकच.
पण त्यांतले तीस एका आईचे,
एका खोलीत झोपून एकच गोष्ट ऐकत वाढलेले.
त्यांना तीस मोजू, की एक?

म्हणून जिथे फांदीला फांदी भेटते तिथे वजाबाकी :
बहिणीतून बहीण, मग दोघींच्या मधल्या आकड्यातून मावशी,
आणि ताटातूट होऊन जितका काळ लोटला
त्याच्या वर्गमुळाने भागायचं.
चाळीस फरक हाती आले.
रेघ आडवी झाली, जवळजवळ.
चहावर साय.

“मौलिदी, इंजिन बंद पडलं तर होडी जाते कुठे?”
“कुठेही. रात्र जितकी मोठी, तितकं लांब शोधायला जावं लागतं.”
“आणि नांगर टाकलेला असला तर?”
“मग दोराएवढीच भटकते, झुहूरा. हे शिकायला तू दारेसलामला गेली होतीस?”

हो. सहा वर्षं.
संगणक तीन रात्री घरघरला आणि म्हणाला :
नांगर असावा.
दोर किती लांब ते विचारू नकोस,
एवढ्याशा माशांत कळत नाही.

शेवटी मुळाशी पोचले. सगळ्यांच्या आधीचा तो,
त्याचा जबडा साडेचौदा मिलिमीटर.
मौलिदीनं आकडा ऐकला, जाळ्याची गाठ दातात धरून.
“पाहिलास?”
“नाही.”
“हाड, काटा, काही?”
“काही नाही.”
“मग हा मासा नाही, पोरी.
वारसांत भांडण नको म्हणून काढलेला हा हिस्सा आहे.”

मी हसले. मग हसू पुरलं नाही.
साडेचौदाच्या दोन्ही अंगांना मी शिसपेन्सिलीनं
पट्टा ओढला : नऊपासून वीसपर्यंत.
एवढ्या पट्ट्यात माझं सगळं फडकं मावतं.

समोर आज काँगोचे डोंगर नाहीत.
काल होते, कडा मोजता येतील इतके.
मौलिदी तिकडे न बघताच होडी ढकलतो,
त्याची आई त्याच काठाची.
मी वहीत तारीख घालते,
हवा : धूसर,
आणि पुढचा मासा उचलते.
हा अजून जिवंत आहे.