दोन ताटल्या

सुलक्षणानं ओट्यावर दोन ताटल्या मांडल्या.
एकीत तीन टाकीजवळच्या सुपरमार्केटातली तूरडाळ,
दुसरीत खाडीकडच्या.
एकशे एकोणतीस आणि एकशे बेचाळीस,
कुठली कितीची ते सांगितलं नाही.
म्हणाली, मामा, तुम्ही बघा.

तिच्या फोनात तक्ता आहे, चौदा महिन्यांचा.
बिलाची शाई डाळ संपायच्या आत उडून जाते,
म्हणून ती त्याच दिवशी उतरवून घेते:
कुणाच्या रव्यात जाळी निघाली,
कुणाच्या शेंगदाण्यात खवट किती,
एकावर एक फुकट मिळालेल्या तांदळात
वाटीमागे कणी किती.
जिऱ्यातल्या काड्या तिनं एकदा मोजल्या
आणि फोटो काढून नवऱ्याला पाठवला.
त्यानं अंगठा पाठवला.

मी एकतीस वर्षं तोलणार होतो, दाणाबाजारात.
काटा माझा. परखी दलालाच्या हातात,
पन्हळीसारखी, टोकाला धारदार.
पोत्याच्या तोंडाशी माल कायम चांगलाच असतो,
तोंड कुणाचंही गोडच.
परखी कुशीत खुपसायची,
मग मूठभर खरं बाहेर घरंगळायचं.
या पिशव्यांना खिडकी ठेवलेली असते, पारदर्शक,
आणि कूस नसते.

मी चिमूट चोळली. वास घेतला.
पहिली गुळगुळीत, तेलाचा हात फिरलेली,
मांडवात निघाल्यासारखी.
दुसरी मळकट, कुठं कुठं साल धरून बसलेली,
पण दाताखाली कटकन तुटली.
ही, मी म्हणालो. ही शिजेल.
एवढ्या वर्षांचा तोरा होता आवाजात.

एकाच कुकरात दोन डबे, चार शिट्ट्या.
झाकण काढलं तर पहिली लोण्यासारखी फुललेली
आणि माझी, मी निवडलेली,
डब्याच्या तळाशी जशीच्या तशी,
हजेरीला उभी.
सुलक्षणा हसली नाही. तोंडाला पदर नव्हता,
तिनं कुकरचं झाकण धरलं.
आणखी तीन शिट्ट्या दिल्या तेव्हा कुठं ती मऊ झाली.
चव मात्र होती. चव तिचीच होती.
स्वानंदीनं दोन्ही वाट्या चाटूनपुसून निकाल दिला:
दोन्हीत तूप कमी आहे.

मग आता कुठलं दुकान, मामा?
गॅस जास्त जातो, तेरा रुपये जास्त जातात,
शिवाय ते लांब.
फोन हातात, बोट वर धरलेलं.

लांब कसलं, चालत बारा मिनिटं.
पण खाडीकडून ती येते तेव्हा
पिशवी दारातच माझ्या हातात येते.
वजन मला अजून कळतं: नऊ किलो, वर पावशेर.
आणि पिशवीतले फ्रोझन मटार,
दगडासारखे टणक असायला हवेत ते,
दर वेळी पार सुटलेले असतात,
पाकिटाला पाणी सुटून
खालचा मिठाचा पुडा ओला झालेला.
तक्त्यात तिनं त्या दुकानापुढं लिहून ठेवलंय:
मटार, दर्जा कमी.
बारा मिनिटांत मटार सुटत नाहीत.
वाटेत खाडीच्या कडेला सिमेंटची बाकडी आहेत,
मी पण सकाळी तिथं टेकतो.
पायाशी पिशवी ठेवून
पाऊण तास कुणाचंही काही न ऐकता
बसता येईल अशी तेवढीच एक जागा आहे
आमच्या सेक्टरात.

खाडीकडचंच, मी म्हणालो.
डाळ आदल्या रात्री भिजत घालू.
तिनं बोट खाली आणलं, रकान्यात काहीतरी भरलं.

मटार तेवढे तिथून आणू नकोस, मी म्हणालो.
मी मंडईतून शेंगा आणीन.
सोलत बसीन.
तू ये सावकाश.

तिनं फोनातून मान वर केली,
माझ्याकडं बघितलं,
आणि कुकरची शिट्टी
नळाखाली धरून
बराच वेळ धूत राहिली.