शटर

माझ्या उधारीच्या वहीत सगुण मांद्रेकराचं पान असं आहे :
रेड ऑक्साइड, चार लिटर.
होडीचा हिरवा, एक लिटर.
पिवळा, पाव.
ब्रश नाही. ब्रश तो स्वतः करायचा,
केवड्याच्या मुळाचं टोक दगडाने ठेचून.

वीस वर्षं त्याने बार्जांवर आकडे घातले,
पाणी कुठवर चढलं की माल थांबवायचा, ते आकडे.
खाण बंद पडली. कुंभारजुव्याच्या खाडीत
बार्ज गंजत उभ्या राहिल्या,
आणि त्याने देव काढायला घेतले.
शिकवलं कोणी नव्हतं.
त्याचे सगळे देव तुमच्याकडे बघतात, पावलं मात्र आडवी,
फेरी सुटतेय आणि कोणीतरी हाक मारली, तशी.
इनासच्या होडीवर सांत आंतोन काढला.
त्याच्या कडेवरचं पोर आणि देवळातला बाळकृष्ण,
दोघांचे डोळे एकाच डब्यातले.

सांतेरी म्हणजे वारूळ. तिला चेहरा कुठला?
त्याने देवळाच्या भिंतीवर वारूळच काढलं,
आणि वारुळातून वर आलेला एक हात.
बोटं सहा झाली.
भटजींनी मोजली. समितीने मोजली.
सगुण म्हणाला, ‘इतक्यांचं बघते ती. एक जास्त लागतंच.’
त्या हातावर चुन्याचे दोन हात फिरले.
चुना माझ्याच दुकानातून गेला. रोखीने.

मग एका रविवारी आला. ‘पात्रांव, पैसे नात. भिंत आसा?’
भिंतींना फळ्या होत्या. शटर होतं.

चवथीच्या आधी तो गेला.

रोज साडेआठला मी तिला गुंडाळून वर सारतो,
आधी बोटं, मग मनगट, वारूळ शेवटी.
दिवसभर ती माझ्या डोक्यावर, ग्रीसच्या वासात, अंधारात.
एक ते चार दुकान बंद, तेव्हा ती उघडी.
परवा लवकर आलो तर कोसेसांव उभी,
माशांची पाटी पायाशी,
ओल्या मुठीत सहावं बोट धरल्यासारखा पत्र्यावर हात.
मी चाव्या मुठीत आवळल्या, वाजू नयेत म्हणून,
आणि सोड्याच्या दुकानात जाऊन बसलो. तहान नव्हती.

त्या बोटाचा रंग उडालाय. बाकीची पाच तशीच आहेत.
काल रात्री डबा उघडला,
ब्रश सापडेना, अंगठ्यानेच लावला. थोडा वाकडा गेला.
मग सगुणच्या पानावर, तीन हजार एकशे चाळीसच्या खाली,
तारीख घालून लिहिलं :
रेड ऑक्साइड, एक बोट.