पेचकस

गंजगोलाईच्या मागच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानावर,
महिना बाविसशे भाड्याची खोली.
भिंतीवर बसवराजने चिकटवलेला कागद:
बाजारपेठ किती? नेमका आकडा.
लातुरात डाळीच्या गिरण्या किती, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
असोसिएशनचे सचिव एक सांगतात,
वीज मंडळाचा वायरमन दुसरंच,
आणि मी दोन्हींच्या मधला आकडा
तिसऱ्या स्लाइडवर ठळक करून ठेवते.
बिनदिक्कत.

आमचं यंत्र म्हणजे एक डबी.
रोलरच्या कुशीला चिकटते नि ऐकत राहते.
तूर नीट फुटतेय की कणी पडणार,
ते कणी पडायच्या आत सांगते.
क्विंटलमागे दोन किलो डाळ वाचते,
असं लिहिलंय.
खरं तर एक किलो सहाशे.

देगलूरकर मॅडम फोनवर:
"दैवशाला, अर्ज दाखल होईपर्यंत कुणाजवळ अवाक्षर नको.
आणि शोधकर्त्याचा रकाना भरा.
कुणाला सुचलं, केव्हा, कशावरून."

कशावरून.
एमआयडीसीतली रात्रपाळी.
मौलासाब शेख, फिटर, वय एकसष्ट.
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.
"ऐकायलीस का? कण्हायलाय रोलर.
अर्ध्या तासात कणी पडंल बघ."
मी घड्याळ लावलं.
सव्वीस मिनिटं.

मग तीन महिने त्यांच्याशेजारी माईक धरून बसले.
ते "हां" म्हणायचे, मी खूण करायची.
चार हजार एकशे बारा वेळा हां.
प्लॅनमध्ये याला
कंपनीच्या मालकीची माहिती म्हणायचं असतं.

गुप्ततेच्या कागदावर त्यांनी उर्दूत सही केली
आणि त्याच संध्याकाळी टपरीवर
अख्ख्या पाळीला सांगून टाकलं,
"माझा कान डबीत भरायलेत ही पोरं!"
कुणालाच खरं वाटलं नाही.
तेवढंच आमचं संरक्षण.

पुण्याहून व्हिडिओवर एक साहेब, रंगीत तालमीपुरते:
"उद्या मोठी कंपनी उतरली तर?
तुमच्याभोवती खंदक कोणता?"
मला उदगीरचा आठवला, शाळेच्या सहलीतला.
तळाशी बाभळी,
शेळ्या,
आणि एक पोरगा त्यांच्यामागं दगडं मारत चाललेला.
मी म्हणाले, "सर, नेटवर्क जरा..."

बसवराजचं म्हणणं, दोन नावं बास.
"तिसरं नाव म्हणजे तिसरा हिस्सा, पैसेवाले विचारतील,
नववी नापास म्हातारा कोण हा?
आपण त्याला पगार देऊ की. चांगला देऊ."
त्याचं चुकत नव्हतं.
त्याच्या बापानं दुकान गहाण टाकून
पहिल्या वीस डब्यांचे पैसे दिलेत,
आणि त्याचा बाप तर कुठल्याच रकान्यात नाही.

रात्री साडेनऊला मौलासाबना फोन लावला.
पूर्ण नाव सांगा, आधारवरचं.
"कशाला? पोलिस केस झाली का काय?"
मग हसले. मग,
"मौलासाब इमामसाब शेख. वडलांचं नाव घालच.
पेचकस त्यांचाच हाय.
निजामाच्या टायमाला जिनिंगमधे होते,
तेबी असंच ऐकायचे."

मॅडमचा पुढचा प्रश्न अर्जात उघडाच होता:
हे ज्ञान याआधी कुणाला होतं का?

सकाळी ते खोलीवर आले, सही करायला.
सोबत ते.
लाकडी मूठ, तेलानं काळी पडलेली,
तिला एका अंगाला खळगा,
बरोबर कानाच्या पाळीएवढा.
मी माझ्या कानाला लावून पाहिली.
नाही बसली.

खाली झेरॉक्सचं मशीन सुरू झालं.
मौलासाबनी मान कलती केली,
"पट्टा ढिला झालाय त्याचा, सांग त्याला."
सही केली, चहा नको म्हणाले, पाळीला गेले.

मी लॅपटॉप उघडला.
सहाव्या स्लाइडवरचे दोन किलो खोडले.
एक किलो सहाशे लिहिलं.
बसवराज बघत होता.
काही बोलला नाही,
पट्ट्याचं सांगायला खाली गेला.