दंशाची नोंद

दवाखान्याच्या रजिस्टरात सात रकाने आहेत.
नाव, वय, काम, इथवर पेन सुरळीत चाललं :
गिंबीबाई वळवी, अंदाजे पन्नास,
धुळे रस्त्यालगतच्या पथारीवर मिरची.
मग आला रकाना : चावल्याची वेळ.

ती हसली.
"तेच ते समजत नही, भाऊ."

तीन महिने ती देठ खुडतेय.
नंदुरबारच्या थंडीत उघड्यावर पसरलेलं ते लाल,
ज्याचं दुसरं टोक दिसत नाही,
आणि कडेने उकिडव्या बसलेल्या बायका,
पदर नाकावरून घट्ट, डोळे तेवढे उघडे.
हातांची आग आता हातांचीच झालेली.
रात्री तेल चोळायचं, मिळालं तर ताकात बुडवायचे.
भाकरी थापताना पीठसुद्धा तिखट होतं म्हणे,
धाकटा नातू तिच्या हातचा घास घेत नाही.

अशा हाताला कोळी चावला
तर त्या हाताला कळावं कसं?

कदाचित पहाटे, चुलीसाठी
तुराट्यांच्या भाऱ्यात हात घातला तेव्हा.
कदाचित परसात, वालाच्या मांडवाखाली,
पानामागची शेंग चाचपताना.
किंवा गोणपाटाच्या घडीत,
पथारीवर बसायला ती घरून नेते, त्या.
तिन्ही जागी तो राहतो, म्हणाली.
तो.
जुन्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं.

दुपारी करंगळीखाली दोन बारीक टोचे दिसले,
भोवती जांभळट कडं.
मुकादम म्हणाला, मिरचीच असेल, बस खाली.

"मिरचीनी आग बठ्ठा हातले लागस,"
तिने मला शिकवलं,
"हाई एकच जागावर से."

शेजारणीने आमचूर लावलं होतं.
दुसरीने उतारा सांगितला.
तिसरी म्हणाली, चावला नाही, मुतला असेल.
गिंबीबाईने मात्र पुरावा आणला होता :
चुन्याची डबी, झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक,
आत तो, तपकिरी, वाटाण्याएवढं पोट,
पाय आवळून बसलेला.
हाच का?
"हाऊच का दुसरा, काय सांगू. घरमा सापडना."

डॉक्टर चौधरींनी भिंगातून पाहिलं.
जिवाला धोका नाही, म्हणाले. दबला की चावतो,
एरवी माणसाच्या वाटेला जात नाही.
धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन दिवस गोळ्या,
सूज चढली तर लगेच या,
आणि मिरचीला हात लावू नका.
हे शेवटचं ते जरा हळू बोलले.
मजुरी किलोवर मिळते. डावा हात एकटा
किलो भरत नाही.
ती काही बोलली नाही, पदराची गाठ सोडू लागली.

मी जखम धुतली, पट्टी बांधली.
वेळेच्या रकान्यात लिहिलं : माहीत नाही.
खोडलं.
लिहिलं : सकाळी.

डबी ती टेबलावर विसरली, की ठेवून गेली.
आमच्या घरी मीटरच्या पेटीपासून मोरीपर्यंत
दर अमावास्येला मी फवारा मारतो,
ही डबी तिकडे नेण्यात अर्थ नव्हता.
मागच्या अडुळशापाशी झाकण काढून ठेवली.
तो बाहेर येईना.
टिचकी मारली. काडीने ढोसावं असंही वाटलं,
पण दबला की काय करतो, ते आत्ताच ऐकलेलं.
कुलूप लावून निघालो तेव्हा डबी तशीच, उघडी.

रात्री जेवणानंतर सहज डोळा चोळला.
दोनदा साबणाने धुतले होते मी हात.
तरी अशी आग उठली
की बायको स्वयंपाकघरातून धावत आली,
काय चावलं? कधी?
नळाखाली डोकं धरून
मी वेळ आठवत राहिलो.