अर्थ लावायचा राहिला

टायमिंग बेल्ट तुटला तेव्हा गाडी बाळ्याच्या पुलावर होती.
वीस व्हॉल्व्ह, एका झटक्यात वाकले.
पुण्याच्या शोरूमवाल्यानं आकडा लिहून
कागद उलटा करून सरकवला.
तेवढ्यात तसल्या दोन गाड्या आल्या असत्या.

मग अकरा महिने ती शेडमध्ये.
आधी तिथं टॉवेलचे चार माग होते.
माग किलोवर गेले, जागा उरली,
गाडी बरोबर मावली.

इंजिन हैदराबादच्या भंगारातून.
अडतीस हजार.
सुताच्या कोनांच्या ट्रकमधून आलं, भाडं बावीसशे,
हमालीवरून वाद, तो दोनशेचा.
अंगावर पिवळ्या खडूनं कुणीतरी लिहिलेलं: ओके.
कुणी लिहिलं, कशाच्या जोरावर?
ज्या गाडीतून काढलं तिचं पुढं काय झालं,
तिच्यात कोण बसलं होतं,
दस्तगीर म्हणाला, असलं विचारायचं नसतं बे,
कॉम्प्रेशन बघायचं.
चारी सिलिंडर सारखे होते. मी विचारलं नाही.

छताच्या गर्डरला चेनपुली.
जुनं वर गेलं, नवं म्हणजे दुसरं जुनं खाली आलं,
आणि डाव्या अंगाला बोटभर जुळेना.
माग ज्या लोखंडी चॅनेलवर उभे होते
ती जमिनीतच राहिली होती.
पहारीनं उपसली.
एमआयडीसीत इरेशानं कापली, भोकं पाडली,
पैसे विचारले तर म्हणाला, लोखंड तुझं, वेळ माझा,
वेळेचे तीनशे दे.
तोच डावा माउंट.
चाळीस वर्षं थरथर सोसलेलं लोखंड,
त्याला नवीन काही शिकवायला लागलं नाही.

एप्रिलमध्ये दुपारी पाना हातात धरवत नाही.
रात्री काम. कडक भाकरी, शेंगाचटणी,
चटणीचं तेल नि इंजिनचं तेल एकाच फडक्याला.
इंटरकूलरचा पाइप ट्रॅक्टरच्या दुकानातला.
तिरुपती, माझा भाचा, मोबाइलचा उजेड धरून उभा,
मधूनच डुलकी, मधूनच अंधार.

शेवटच्या रात्री चावी फिरवली.
सेल्फ कण्हला. काही नाही.
पंप बघितला, फ्यूज बघितले, सेन्सर तीनदा बदलले.
दोन रात्री.
तिसऱ्या रात्री दस्तगीर गाडीखालून हसत बाहेर आला,
हातात काळी जाड वायर, एक टोक मोकळं.
अर्थच लावला नव्हता आपण.
एवढं सगळं जोडलं, आणि अर्थ लावायचा राहिला.
चॅनेलच्या माउंटला खरवडून, घासून, पांढरं करून लावला.

पहिल्या फटक्याला सुरू.
गर्डरवरची कबुतरं उठली.
धूर, मग कमी धूर, मग नुसता वास.
काटा हजाराच्या वरखाली हलत राहिला,
आणि आम्ही तिघं काहीच बोललो नाही,
कारण बोललो असतो तर ऐकू आलं नसतं.

पहाटे चारला अक्कलकोट रोड.
दोन हजारांपुढं काटा गेला नि पाठ सीटला चिकटली.
कुंभारीच्या अलीकडं पाइप निसटला. फट्ट.
क्लॅम्प, पंधरा रुपये.
सुताचे दर लिहायच्या वहीत शेवटची नोंद ती.
बेरीज एकाहत्तर हजार सहाशे चाळीस.
नागमणीला मी चाळीस सांगितले होते.
वही उघडीच पडलेली असते.

अजून आरसी बुकात जुनाच इंजिन नंबर आहे.
आरटीओत जायचंय, सोमवारी, म्हणतोय.
तीन बोल्टही उरलेत, स्टीलच्या वाटीत,
कुठले ते कुणालाच आठवत नाही.

रविवारी नागमणी पुढच्या सीटवर बसली.
काच खाली. होटगी रोड मोकळा.
मी पाय दाबला, टर्बोची शीळ चढत गेली.
माझ्याकडं न बघता ती म्हणाली,
तिसऱ्या मागाचं बेअरिंग जायच्या आधी
असाच आवाज यायचा की.

ती टर्बोची शीळ आहे, चांगली खूण आहे,
हे तिला सांगायला मी तोंड उघडलं,
आणि कान देऊन ऐकायला लागलो.